अर्धा सूर खाली

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सगळ्यात आधी तिची तार वाजायची. तोवर कोणी बोलायचं नाही, चहाचा कप खाली ठेवायचा आणि आपापल्या युकुलेलेची तार तिच्या तारेला मिळेपर्यंत खुंटी पिळत बसायचं. हिवाळ्यात नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरच्या रिकाम्या प्लॉटांवर धुकं असायचं. समोरच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या सळया त्या धुक्यातून वर आलेल्या दिसायच्या, आणि इकडे चार मोठी माणसं माना वाकवून एकच सूर शोधत बसलेली. डोळे मिटले की मला आजही हेच दिसतं. आम्ही काय काय वाजवलं ते फारसं आठवत नाही. जुळवणं तेवढं आठवतं.

युकुलेले दिसायला खेळण्यातल्या गिटारसारखं असतं. चार नायलॉनच्या तारा, लेकराला घ्यावं तसं छातीशी धरायचं आणि बोटांनी छेडायचं. माझी मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिचं युकुलेले कपाटावर राहून गेलं. मी नुकतीच सरकारी कचेरीतली कारकुनी संपवून घरी बसले होते. माझा स्वभाव मुळातच तिखट, आणि घरात बसून तो सावजी रश्श्यासारखा होत चालला होता. कुणावर तरी चिडायला बाहेर पडावं म्हणून असेल, मी त्या वाद्याला पिशवी शिवून घ्यायला जुन्या शहरात गेले. घराच्या पुढच्याच खोलीत मशीन टाकून फॉल-पिकोचं दुकान चालवणारी, माझ्याच वयाची एक बाई तिथे बसली होती.

"काय होय वं हे?" तिने विचारलं. "गिटारीचं लेकरू?"

पुढच्या आठवड्यात पिशवी आणायला गेले तर ते लेकरू तिच्या मांडीवर होतं आणि ती त्यावर एका आरतीची ओळ काढत होती. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. मी महिनाभर धडपडून जे करू शकले नव्हते, ते तिने पिशवीला नाडी ओवता ओवता केलं होतं. मला रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने मान वर केली आणि म्हणाली, "तुह्या तारा ढिल्या होत्या. म्या ताणून ठेवल्या."

तिच्या माहेरी आणि सासरीही पूर्वी हातमाग होते. आता मुलगा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात जातो आणि मागाच्या जागी कपडे धुवायचं मशीन आलं आहे. पण ताणा किती ओढायचा हे लहानपणीच तिच्या बोटांत बसलेलं. सूत सैल असलं की ते आपणहून सांगतं, असं ती म्हणायची. कसं सांगतं ते विचारलं तर म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाये, हे तुले कसं समजते?" माझ्या भाजीत मीठ नेहमी कमीच असतं.

महिन्याभरात तिने स्वतःचं युकुलेले घेतलं आणि दर रविवारी माझ्या गच्चीवर यायला लागली. पुढे दोघींचे आम्ही चौघं झालो. एक दातांचा डॉक्टर, तिशीतला, मला काकू आणि तिला मावशी म्हणणारा. त्याच्या दवाखान्यात मी दाढ दाखवायला गेले होते आणि भिंतीवर युकुलेले टांगलेलं पाहिलं. दुसरा मौद्याच्या वीज केंद्रात काम करणारा, डॉक्टरचा मित्र, चाळिशीतला शांत माणूस, आम्हा सगळ्यांचा भाऊ. ड्यूटी बदलत असल्यामुळे तो कधी यायचा, कधी महिना महिना गायब व्हायचा. आमच्यात वाजवणारी खरी ती एकटीच. आम्ही तिघं हौशे.

आता वाणाचं सांगते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका बायकांना वाण देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या घरात तशा प्लॅस्टिकच्या वाट्या आणि चाळण्यांचा ढीग आहे. तिच्या घरात एकही नव्हती. नवरा गेल्यापासून तिला हळदी-कुंकवाला कोणी बोलावत नसे, आणि तिने दिलेलं वाण कोणी घेतलंही नसतं. हे तिने मला सांगितलं नाही. मीच उशिरा ओळखलं, आणि ओळखल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांशी मी बरेच दिवस धड बोलले नाही. पण त्याआधीच्या संक्रांतीला ती गच्चीवर आली ती एक गाठोडं घेऊन. तिने आम्हा तिघांना, पुरुषांनाही, वाण दिलं. तिच्या लग्नातल्या करवतकाठी साडीचे काठ कापून तिने युकुलेले गळ्यात अडकवायचे पट्टे शिवले होते. माझ्या पट्ट्यात डाव्या खांद्याच्या जागी कापूस जास्त भरला होता. माझा डावा खांदा दुखतो हे मी एकदा चहा गाळताना बोलून गेले होते, तेवढंच.

मी थँक्यू म्हणायला लागले तर तिने हात धरला. "बोलू नको. वाजव."

तोच आमचा नियम झाला. वाण बाजारातून आणायचं नाही, हातानेच करायचं. आणि ज्याला मिळेल त्याने आभार मानायचे नाहीत, तिथल्या तिथे वाजवून दाखवायचं, कच्चं असलं तरी. मग संक्रांतीची वाट कोण बघतो, वर्षभर काही ना काही चालूच. डॉक्टरने जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून तारा छेडायच्या नख्या केल्या. उजेडात धरल्या की त्यात कुणाची तरी अक्कलदाढ दिसायची. मौद्याच्या भाऊंनी लाकडी घोड्या करून दिल्या, युकुलेले उभं ठेवायला. माझ्या हातात कला नाही. मी साबणदान्यांना भोकं पाडून आत ओला स्पंज घातला, मे महिन्यात पिशवीत ठेवायला, नाहीतर नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं. ती म्हणाली, "साऱ्याहीनं वाण देल्लं, बाईनं आंघोळीचं सामान देल्लं." पण त्या उन्हाळ्यात आमचं एकही वाद्य तडकलं नाही, हे मी तिला अजून ऐकवते.

सूर मात्र तिचाच. एकदा डॉक्टरने फोनवर सूर जुळवायचं ॲप उघडलं तर तिने सगळ्यांचे फोन जिन्यातल्या टोपलीत ठेवायला लावले. "फोनच्या भरोशावर कायले राहता? म्या काय मेली?" आम्ही हसलो. ती हसली नाही. "ज्या दिवशी माह्या कानानं दगा देल्ला, त्या दिवशी म्या हे खुंटीले टांगीन," ती म्हणाली. "कोनाले सांगाची गरज नाही पडनार."

आणि ती तसं करेल हे मला माहीत होतं. पूर्वी ती भजनी मंडळात जायची. कुणीतरी एकदा तिला म्हणालं, तुम्ही जरा मागे बसा. ती मागे बसली, भजन पूर्ण केलं, टाळ जागेवर ठेवले आणि पुन्हा त्या देवळाची पायरी चढली नाही. ज्या जागी आपण नकोसे झालो ती जागा तिच्यासाठी संपायची. आमची गच्ची तिच्यासाठी संपायला नको होती. खरं सांगते, मलाच ती संपायला नको होती. साठी जवळ आल्यावर नवी मैत्रीण मिळते कुठे?

आमच्यात गायचं काम माझं, आणि मागच्या दसऱ्याच्या सुमारास माझा आवाज सुधारला. ज्या ओळीला मी नेहमी गळा ताणून चढायचे, तिथे अलगद पोचू लागले. मी आल्याचा काढा घ्यायला लागले होते, त्याचाच गुण असणार, असं मी चार जणींना सांगितलंही. एका रविवारी सगळे निघाल्यावर डॉक्टर जिन्यात रेंगाळला. टोपलीतला फोन काढून त्याने माझी तार त्याच्यापुढे छेडली आणि हळूच म्हणाला, "काकू, तुमचा आवाज नाही सुधारला. आपण सगळेच अर्धा सूर खाली आलोय."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आजकाल ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची. मी पाठीमागून हाक मारली तर वळत नसे, आणि मी मनात म्हणायचे, शिष्टच झाली आहे. दुकानात मशीन चालू असताना गिऱ्हाईक दोनदा ओरडायचं. तिचा सूर दर रविवारी केसभर उतरत होता आणि आम्ही तिघं आज्ञाधारकपणे तिच्यामागून एकेक पायरी उतरत होतो.

"सांगायचं का?" डॉक्टरने विचारलं.

"खबरदार," मी म्हणाले.

त्यानंतरचे ते महिने मला एखाद्या दुपारच्या झोपेसारखे आठवतात. सगळं तेच होतं, फक्त थोडं खालून वाहत होतं. सैल तारांचा आवाज मऊ आणि जाडसर येतो, जणू शेजारच्या खोलीतून येतोय. धुकं सुरू झालं होतं. ती डोळे मिटून तार छेडायची, आम्ही तिच्याकडे बघत आपल्या खुंट्या सैल करायचो, आणि मग जे काही वाजायचं ते आपापसात इतकं एकजीव असायचं की चूक कुठे आहे तेच कळू नये. चौघं मिळून चुकले तर ती चूक कशी, असं मी डॉक्टरला म्हणायचे. लोक म्हणतील आम्ही तिला फसवलं. म्हणोत बापडे. मला तेव्हाही तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिच्याबरोबर खाली उतरलो, एवढंच केलं. घरी एकटी असतानाही मी तारा वर चढवत नसे.

एकच घोटाळा झाला. मौद्याच्या भाऊंची त्या दिवसांत केंद्रात दुरुस्तीची कामं निघाली होती, त्यांना रविवार मिळतच नव्हता. त्यांना डॉक्टर सांगेल असं मला वाटलं, आणि मी सांगितलं असेल असं डॉक्टरला.

संक्रांत उजाडली. आकाशात सकाळपासूनच पतंग होते, आजूबाजूच्या गच्च्यांवरून "ओऽऽ पार" अशा आरोळ्या येत होत्या, आणि आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा अडकला होता. बऱ्याच दिवसांनी आम्ही चौघं जमलो होतो. तिने तार छेडली, आम्ही जुळवलं. भाऊ आपली तार सैल करताना जरा थबकले, तरी त्यांनी ती जुळवलीच. मग तीळगूळ झाला आणि वाणं निघाली. भाऊंनी गमछ्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्यापुढे ठेवलं.

"ताई, हे फक्त तुमच्यासाठी," ते म्हणाले. "रात्रपाळीवरून आल्यावर घरी बसून बनवलं."

सागवानी पट्टीवर दोरीने बांधलेल्या लोखंडी नळीचे चार तुकडे, लहानमोठे, कानशीने घासून गुळगुळीत केलेले. युकुलेलेच्या चार तारांचे चार सूर. तापमान बदललं की तारा उतरतात, नळी उतरत नाही, असं ते कौतुकाने सांगत होते. प्रत्येक तुकडा किती वेळा कापावा लागला, फोनपुढे किती वेळा धरावा लागला, तेही सांगत होते. मी त्यांच्या पायावर पाय देण्याइतकी जवळ नव्हते. डॉक्टर खाली बघत होता. भाऊंनी खिशातून खिळा काढला आणि नळीवर मारला.

नळी स्वच्छ, उंच वाजली. सवयीने त्यांनी लगेच आपली तार छेडली, नुकतीच तिच्याशी जुळवलेली. ती खाली वाजली. शेजारच्या गच्चीवरच्या पोरालाही कळलं असतं. भाऊंनी पुन्हा नळी वाजवली, पुन्हा तार, आणि मग त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"मले कोणी सांगतलं नाही," ते पुटपुटले.

तिला ते दोन आवाज किती ऐकू आले ठाऊक नाही. तिला आमची तोंडं दिसली. तिने खिळा मागून घेतला आणि स्वतः नळी वाजवली. मग पट्टी उचलून कानाशी धरली, आणखी जवळ, आणखी जवळ, शेवटी लाकूड कानामागच्या हाडाला टेकलं. तिथे ती थांबली. तशीच पट्टी दाबून धरून तिने दुसऱ्या हाताने पुन्हा वाजवलं. मग आपली तार छेडून युकुलेलेची कड तिथेच टेकवली. आम्ही तिघं शाळेत उभं केलेल्या पोरांसारखे उभे होतो.

"कवापासून?" तिने मला विचारलं.

"दसऱ्यापासून," मी म्हणाले.

तिने मान हलवली. वाणाच्या नियमाप्रमाणे तिने आता वाजवायला हवं होतं. तिने युकुलेले पिशवीत घातलं, नाडी ओढली, नळ्या परत गमछ्यात बांधून काखेत घेतल्या आणि जिना उतरली. नळ्या नेल्या, म्हणजे वाण घेतलं. वाजवलं मात्र नाही. खाली तिची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मी कठड्याशी उभी राहून ऐकला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही तिघं जमायचो, पण पहिली तार कुणी वाजवायची हेच ठरेना. फोन टोपलीत होते, कुणीही हात लावला नाही. भाऊ सारखे माफी मागायचे आणि मी त्यांच्यावर खेकसायचे, कारण चूक त्यांची नव्हती. तिला मी फोन केला, ती उचलेना. मग लक्षात आलं की रागावली नसती तरी तिला तो कदाचित ऐकू आला नसता, आणि त्या विचाराने मला जास्त रडू आलं. खुंटीला टांगलेलं तिचं युकुलेले मला रोज दिसायचं, मी न पाहिलेल्या भिंतीवर.

शेवटी एका दुपारी मी माझं युकुलेले काठाच्या पट्ट्याने गळ्यात अडकवून तिच्याकडे गेले. काय बोलायचं ते बसमध्ये चांगलं घोकून ठेवलं होतं. गल्लीत ऊन उतरलं होतं, कुणाच्या तरी दारात वाळत घातलेल्या साड्यांमधून ते खाली पडत होतं. तिच्या दुकानाचं दार अर्धं लावलेलं. आतून मशीनचा आवाज येत नव्हता. नळीचा येत होता. एक नळी, मग एक तार. पुन्हा नळी, पुन्हा तार.

ती जमिनीवर पाय पसरून बसली होती. पट्टी कानामागे टेकवलेली, डोळे मिटलेले. मी आल्याचं तिला कळलंच नाही. मी समोर जाऊन बसले तेव्हा माझी सावली पडली आणि तिने डोळे उघडले. घोकलेलं सगळं मी विसरले.

"बहिरी म्या होऊन राहिली," ती म्हणाली. "तुमी काहून बहिरे झाले वं?"

"तू सोडून गेली असतीस," मी म्हणाले. तिला दिसावं म्हणून ओठ नीट हलवून, सावकाश म्हणाले. "तू नसलीस तर मी काय करू? घरी बसून कुणावर चिडू?"

ती हसली नाही, पण तिचा चेहरा थोडा सैल झाला. पट्टी खाली ठेवत ती म्हणाली, "टांगलं होतं म्या. खरंच टांगलं होतं, त्या खुंटीले. मग ह्या नळ्या पडल्या होत्या समोर. वाण घेतलं अन वाजवलं नाही, असं कसं चालन?" मग कानामागे बोट लावून म्हणाली, "कानातून नाही येत. पण हाडातून येते वं. समदं येते."

मग ती माझ्याजवळ सरकली आणि माझ्या युकुलेलेच्या कडेवर तिने आपला जबडा टेकवला. तिचे पांढरे केस माझ्या मनगटाला लागत होते. खोबरेल तेलाचा वास येत होता.

"वाजव," ती म्हणाली.

मी एक तार छेडली. तिने डोळे मिटले. लाकडातून तो सूर तिच्या हाडात जाताना मला माझ्या छातीतही जाणवत होता, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघीही हललो नाही.

"खालीच हाये अजून," ती म्हणाली. "संक्रांतीले समजलं, तरी काहून नाही चढवली?"

"तू आली नव्हतीस," मी म्हणाले.

तिला ते ऐकू आलं की नाही, मला ठाऊक नाही. तिचे डोळे मिटलेले होते. पण जबडा तसाच टेकवून ठेवून तिने हात वर नेला, चाचपडत माझी खुंटी शोधली आणि हळूहळू पिळायला लागली.

"वाजवत राय," ती म्हणाली. "म्या सांगतो तुले कवा थांबाचं ते."